जुनी रायफल चकचकीत करू नका

संपादक साहेब, नमस्कार,

जुन्या शिकारी रायफलींच्या लिलावाची बातमी पेपरात अधूनमधून येते, आणि दर वेळी ती एका आकड्याने सुरू होते आणि त्याच आकड्यावर संपते. अमुक रायफल तमुक लाख डॉलरला गेली, खाली एक फोटो, विषय संपला. ती कोणत्या अवस्थेत होती, बॅरल मूळची होती की बदललेली, दस्ता कधी घासला होता का, सोबत कागद होते का, घेणाऱ्याने नेमके कशाचे पैसे मोजले, यातलं एक अक्षर नसतं. आता ज्याच्या घरात दोन पिढ्यांपासून परवान्यावर एखादी जुनी रायफल पडून आहे तो माणूस हा आकडा वाचतो, कपाट उघडतो, बघतो तर दस्त्यावर ओरखडे, लोखंडाचा निळा रंग उडून करडा पडलेला, आणि त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच की हिला आधी नीट करून घेऊ मग किंमत काढू. एखाद्या कारागिराकडे देतो, तो बिचारा मनापासून बफ मारून, नवं ब्ल्यूइंग (लोखंडावरचा तो निळा-काळा थर) करून, दस्ता पॉलिश पेपरने घासून वर चमकदार वॉर्निश लावून देतो. रायफल चकाचक दिसते आणि किंमत निम्म्यावर आलेली असते, कधी कधी त्याहूनही खाली.

हे इतक्यांदा बघितलंय की आता राहवत नाही म्हणून पत्र लिहितोय, जरा लांब झालं तर सांभाळून घ्या.

आधी हे सांगतो की कलेक्टर लोक जुनी रायफल बघताना मूळ फिनिश किती टक्के शिल्लक आहे ते मोजतात. ऐंशी टक्के ब्ल्यूइंग आहे, पन्नास टक्के आहे, अशीच बोलायची पद्धत असते. आणि पन्नास-साठ टक्के मूळ ब्ल्यूइंग असलेली रायफल ही शंभर टक्के नवं ब्ल्यूइंग केलेल्या त्याच मॉडेलपेक्षा महाग जाते, नवख्या माणसाला हे पटतच नाही पण बाजार तसाच चालतो आणि त्याला कारण आहे. जुने इंग्लिश आणि जर्मन कारखाने रस्ट ब्ल्यूइंग करायचे, म्हणजे घासून तयार केलेल्या धातूवर मुद्दाम हलका गंज चढवायचा, मग उकळत्या पाण्यात घालून तो काळा करायचा, वरची सैल भुकटी बारीक तारेच्या ब्रशने काढायची, आणि पुन्हा गंज पुन्हा उकळ, असे कितीतरी फेरे, दिवसच्या दिवस. त्यातून जो खोल, मऊ, किंचित मंद काळा-निळा रंग येतो तो नंतरच्या काळात आलेल्या गरम कॉस्टिक सॉल्टच्या टाकीत बुडवून येत नाही. दुनळी रायफल असेल तर हा टाकीतला प्रकार नुसता दिसायला वाईट नाही तर धोक्याचा पण आहे, कारण दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या या मऊ सोल्डरने जोडलेल्या असतात आणि ते गरम कॉस्टिक सॉल्ट सोल्डरला खातं, पट्टी सैल होते, आत सॉल्ट अडकून राहतं आणि बाहेरून काही न दिसता आतून गंज सुरू. ज्या कारागिराला हे माहीत नाही त्याच्या हातात दुनळी कधीच देऊ नये, कितीही ओळखीचा असला तरी.

नवं ब्ल्यूइंग ओळखायचं कसं हे मला खूप जण विचारतात. रंगाकडे नंतर बघा, आधी कडांकडे बघा. अष्टकोनी बॅरल असेल तर तिच्या कडा बोटाला टोचल्यासारख्या तीक्ष्ण लागायला हव्यात, बफिंग व्हीलवर गेलेली बॅरल असेल तर त्या कडा गोल होतात. मेकरचं नाव, पत्ता, नंबर, यांची अक्षरं एका बाजूने पुसट आणि दुसऱ्या बाजूने खोल दिसली तर तिथे घासलंय. स्क्रूची भोकं बघा, बफ मारल्यावर भोकाची कड आत खचते, बशीसारखी होते. गंजाने पडलेले बारीक खड्डे असतील आणि त्या खड्ड्यांच्या आत पण छान निळा रंग असेल तर समजा की खड्डे आधी पडले आणि रंग नंतर चढला. आणि स्क्रूच्या खाचा! चांगल्या इंग्लिश रायफलीवर सगळ्या स्क्रूच्या खाचा बॅरलच्या रेषेत उभ्या असतात, बसवणाऱ्याने तशाच बसवलेल्या असतात, आणि खाच इतकी अरुंद असते की साधा पेचकस त्यात जातच नाही. त्या खाचा चेपलेल्या, रुंदावलेल्या, तिरक्या थांबलेल्या दिसल्या तर कोणीतरी आत हात घातलाय. कशासाठी घातलाय ते मग शोधायचं.

रिसीव्हरवर किंवा अॅक्शनवर, म्हणजे बॅरलच्या मागच्या काडतूस भरण्या-झाडण्याच्या यंत्रणेवर, केस हार्डनिंगचे (पोलादाचा वरचा थर कडक करण्याचे) रंग असतात, निळे-तपकिरी-राखाडी ढग, हाडांचा आणि लाकडाचा कोळसा वापरून पोलाद तापवून एकदम पाण्यात विझवलं की ते येतात. हे रंग उन्हाने आणि हाताळण्याने विरतात, म्हणून शंभर वर्षांच्या रायफलीवर ते बाहेरच्या बाजूला विरलेले आणि झाकलेल्या कोपऱ्यात, लिव्हरच्या खाली वगैरे, ताजे असतात. सगळीकडे सारखेच भडक असतील तर संशय घ्या. बर्नर आणि केमिकलने नकली रंग चढवणारे आहेत.

लाकडाचं तसंच. अक्रोडाचा दस्ता जिथे धातूला भिडतो तिथे लाकूड धातूपेक्षा केसभर वर असायला पाहिजे, कारखान्यातून तसंच यायचं, नखाने कळतं. ते धातूच्या खाली गेलं असेल किंवा बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) लाकडाच्या बाहेर आलेली असेल तर दस्ता घासला गेलाय, मग तुम्हाला कोणी कितीही सांगो की फक्त तेल लावलंय. चेकरिंगचे, म्हणजे पकड यावी म्हणून लाकडावर कोरलेल्या जाळीचे, टोकदार चौकोन झिजून सपाट होणं हे वापराचं लक्षण आहे, त्याने किंमत थोडी कमी होते पण इज्जत जात नाही. मात्र ते पुन्हा कोरताना जर मूळच्या कडेच्या रेषेबाहेर हत्यार घसरलं असेल तर ते कायमचं दिसत राहतं. लंडनच्या मेकरांचं फिनिश जवसाच्या तेलाचं असायचं, हाताने चोळून चोळून आणलेलं, त्यावर पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर बघितला की खरंच वाईट वाटतं, कारण तो काढताना पुन्हा लाकूडच जातं.

आणि दस्ता कापून मागे रबरी रिकॉइल पॅड बसवणं, रिसीव्हरच्या माथ्यावर दुर्बिणीसाठी ड्रिलने भोकं पाडणं. ज्यांनी हे केलं त्यांना मी दोष देत नाही, १९५० च्या सुमारास ती रायफल त्यांच्यासाठी वापरायची वस्तू होती, दुर्बीण लावायची होती तर लावली. पण आज त्या दोन-चार भोकांनी कलेक्टरच्या हिशोबात ती रायफल दुसऱ्या वर्गात जाते, आणि भोकं वेल्ड करून बुजवली तर ते भोकांपेक्षा वाईट. म्हणून आज ज्याच्या हातात न टोचलेली रायफल आहे त्याने निदान आता तरी ड्रिल लावू नये. याला एक अपवाद आहे तो म्हणजे त्याच काळात चांगल्या मेकरने केलेलं काम, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाऊचा साइड माउंट (दुर्बीण बसवायचा आधार) किंवा जर्मन-ऑस्ट्रियन रायफलींवरचे क्लॉ माउंट, रायफलीच्याच नंबरचा माउंट आणि मूळची दुर्बीण सोबत असेल तर किंमत उलट वाढते.

आता कागदांबद्दल, कारण निम्मी किंमत तिथे असते.

जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी घ्या. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी ती १९०७ साली त्यांना भेट दिली, दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. नुसती रायफल म्हणून बघितली तर माऊझर अॅक्शनची सरळ साधी बोल्ट रायफल, सोन्याचं काम नाही, भरगच्च नक्षी नाही, काडतूसही नवीन काही नाही, .२७५ रिग्बी म्हणजे जर्मन ७ बाय ५७ माऊझरच, फक्त इंग्लिश मापात. पण ती कोणाकडून कोणाकडे गेली हे सगळं माहीत आहे, कॉर्बेट यांच्यानंतर ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती आणि बऱ्याच वर्षांनी परत रिग्बी कंपनीकडेच आली. मधली एकही कडी तुटलेली नाही. आता विचार करा, कोणीतरी मधल्या काळात ती पट्टी काढून दस्ता घासून पॉलिश केला असता तर? तशीच दिसणारी तशाच बनावटीची दुसरी रिग्बी बाजारात मिळते, तीही चांगली आणि महागच रायफल आहे, पण ती कॉर्बेट यांची नाही.

थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेला गेले तेव्हा त्यांच्याकडे हॉलंड अँड हॉलंडची रॉयल दर्जाची .५०० बाय .४५० दुनळी होती, इंग्लंडमधल्या चाहत्यांनी मिळून दिलेली, आणि देणाऱ्यांची नावं पेटीसोबत नोंदलेली. विंचेस्टरची १८९५ मॉडेलची .४०५ पण त्यांच्यासोबत होती आणि ती त्यांची अतिशय लाडकी. तेव्हापासून .४०५ कॅलिबरची १८९५ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर रूझवेल्ट येतात आणि विकणारे पण लगेच त्यांचं नाव घेतात. पण नाव घेणं वेगळं आणि त्यांची असणं वेगळं. अमक्या महाराजांची, तमक्या जनरलची, फलाण्या शिकाऱ्याची, असं तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात. पट्टी कोणीही कोरून घेतं. माझा नियम सरळ आहे, कागद नसेल तर ती गोष्ट शून्य रुपयाची धरायची आणि फक्त समोरच्या लाकूड-पोलादाचे पैसे मोजायचे.

कागद म्हणजे काय तर सगळ्यात आधी मेकरची खातेवही. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्यासारख्या जुन्या कंपन्यांच्या खातेवह्या टिकून आहेत, रायफलीचा नंबर कळवून फी भरली की कोणत्या तारखेला पूर्ण झाली, कोणत्या कॅलिबरची होती, बॅरल किती इंची, कोणाला विकली, ही नोंद मिळू शकते. विंचेस्टरच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांच्या कारखान्यातल्या नोंदी अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये आहेत, तिथून नंबरवरून पत्र मिळतं. हे पत्र किती कामाचं आहे ते विंचेस्टरच्या १८७३ मॉडेलच्या वन ऑफ वन थाउजंड रायफलींवरून कळतं. कारखान्यात टेस्ट घेताना ज्या बॅरल विशेष अचूक निघाल्या त्यांना वेगळं फिनिश आणि ते शब्द कोरून जादा भावाने विकलं, १८७३ मॉडेलमध्ये अशा दीडशेसुद्धा झाल्या नाहीत. साध्या १८७३ मॉडेलच्या बॅरलवर तीन-चार शब्द कोरले की किंमत कित्येक पट, मग नकला निघणारच. कारखान्याच्या नोंदीत त्या नंबरपुढे तसं लिहिलेलं नसेल तर कोरीव अक्षर कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

खातेवहीच्या नोंदीने आणखी एक होतं. समजा बॅरल बदललेली आहे. जर मेकरने स्वतः १९३० मध्ये नवी बॅरल बसवल्याची नोंद असेल तर ते त्या रायफलीचं स्वतःचं आयुष्य झालं, त्याने फारसं बिघडत नाही. तेच जर कोणी नंतर कुठेतरी केलेलं असेल तर मोठा फटका. मालकाने सांगितलं म्हणून नाही, नोंद आहे म्हणून.

लेदरची किंवा ओकची मूळ पेटी, झाकणाच्या आतलं मेकरचं लेबल, क्लीनिंग रॉड, तेलाची बाटली, स्नॅप कॅप (खोटं काडतूस), जुनं बिल, शिकारीचे फोटो ज्यात ती रायफल ओळखू येते, हे सगळं जपा. लेबल फाटकं असलं तरी तसंच राहू द्या. फक्त रायफल कायमची त्या लेदरच्या पेटीत ठेवू नका, चामडं ओलावा धरतं आणि चामड्यात टॅनिनचे आम्ल असतात, पेटी वेगळी रायफल वेगळी. रायफलीला पातळ तेलाचा हात आणि कोरडी जागा एवढं पुरतं. चालू गंज दिसला तर तो तेलाने आणि मऊ कापडाने थांबवायचा, तेवढं करणं म्हणजे रिस्टोरेशन नाही, ते केलंच पाहिजे.

कॅलिबरवर पण किंमत फार हलते आणि इथे इतिहास कामाला येतो. रिग्बीने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस काढलं आणि काळ्या दारूच्या अवजड ४ बोअर, ८ बोअर बंदुकांचा जमाना हळूहळू संपला, कारण धूर न करणाऱ्या कॉर्डाइटमुळे छोट्या नळीतून तेवढाच मार मिळायला लागला. सगळ्यांनी .४५० च्या दुनळ्या बनवल्या. मग १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० काडतुसांवर बंदी आणली, भीती अशी की लष्कराच्या जुन्या .४५० मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी ते सामान बंडखोरांच्या हाती जाईल. मेकरांनी काय केलं तर लगेच .४५० ला चुकवून .४६५, .४७०, .४७५ अशी थोडी थोडी वेगळी मापं काढली. दुनळीवर .४७० किंवा .४६५ लिहिलेलं दिसलं की त्यामागे एक सरकारी हुकूम आहे हे मला नेहमी आठवतं. यातली .४७० सगळ्यात जास्त पसरली, आजही तिची काडतुसं तयार होतात, म्हणून तितक्याच चांगल्या अवस्थेतली .४७० ही एखाद्या विसरलेल्या कॅलिबरच्या दुनळीपेक्षा सहज जास्त किंमत घेते. किनॉक कंपनीने मोठी शिकारी काडतुसं बनवणं बंद केलं तेव्हा अशा कितीतरी रायफली नुसत्या भिंतीवरच्या वस्तू झाल्या, त्यांची किंमत पडली, आणि पुढे छोट्या उत्पादकांनी ती काडतुसं पुन्हा काढली तशी किंमत परत चढली.

काडतूस मिळत नाही म्हणून चेंबर (बॅरलचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) मोठं करून दुसऱ्या काडतुसाला बसवलेल्या रायफली पण खूप आहेत, .३०० हॉलंडच्या .३०० वेदरबी केलेल्या तर नेहमी दिसतात. बॅरलवर लिहिलेलं एक आणि चेंबर भलतंच. म्हणून किंमत सोडा, जीव वाचवायचा असेल तर चेंबरचं माप घेतल्याशिवाय आणि माहितगार गनस्मिथने तपासल्याशिवाय जुन्या रायफलीत काडतूस घालायचंच नाही.

प्रूफचे, म्हणजे बॅरल जादा दाबाने झाडून तपासल्याचे, शिक्के इथेच वाचायला शिकावं लागतं. लंडनचं प्रूफ हाउस आणि बर्मिंगहॅमचं, ते १८१३ पासूनचं, दोघांचे शिक्के वेगळे. बेल्जियममधल्या लिएजचा अंडाकृती चौकटीतला शिक्का वेगळा, जर्मनीत १८९० च्या दशकापासून मुकुटाखाली अक्षरं. बॅरलच्या खालच्या बाजूला, दस्ता काढल्यावर दिसतात. नायट्रोचं (बिनधुराच्या दारूचं) प्रूफ आहे की फक्त काळ्या दारूचं हे शिक्क्यावरून कळतं, आणि काळ्या दारूच्या रायफलीत आधुनिक काडतूस म्हणजे अपघात ठरलेला. जर्मन बॅरलवर बरेचदा प्रूफचा महिना आणि साल पण मारलेलं असतं, तारीख ठरवायला त्याहून सोपं काही नाही. इंग्लिश नावाच्या पण बेल्जियन शिक्क्याच्या बंदुका पण निघतात, नाव वाचून जे खूश होतात त्यांनी नळी उलटी करून बघावं.

दुनळीबद्दल दोन ओळी जास्त लिहितो कारण तिची किंमत का एवढी असते हे बातमीत कधीच नसतं. दोन नळ्या शेजारी शेजारी, पण दोन्ही गोळ्या एकाच जागी लागायला हव्यात, आणि झटक्याने उजवी नळी उजवीकडे जाते डावी डावीकडे. म्हणून नळ्या समांतर नसतात, पुढे किंचित जवळ येतात. किती, हे कागदावर ठरत नाही. रेग्युलेटर माणूस गोळी झाडतो, टार्गेट बघतो, तोंडाजवळचं सोल्डर सैल करून पाचर थोडी सरकवतो, परत झाडतो, असं दोन्ही नळ्या एका जागी मारेपर्यंत, आणि तेही एका ठराविक काडतुसासाठी, ठराविक दारू आणि ठराविक वजनाच्या गोळीसाठी. त्या हातकामाचे पैसे असतात. आणि म्हणूनच कोणी दुनळीच्या नळ्या दोन इंच कापल्या असतील तर ती दिसायला दुनळी राहते पण तिचा जीव गेलेला असतो. वेस्टली रिचर्ड्सची हाताने निघणाऱ्या लॉकची (लॉक म्हणजे गोळी झाडणारी यंत्रणा) ड्रॉपलॉक १८९७ सालची, हॉलंडची रॉयल साइडलॉक, या मोठ्या नावांच्या दुनळ्या सगळ्यांना माहीत असतात, पण अॅन्सन अँड डीली पद्धतीच्या बॉक्सलॉकवर बनवलेल्या छोट्या मेकरांच्या दुनळ्या तितक्याच मनापासून केलेल्या असतात आणि नावामुळे बरीच कमी किंमत घेतात. माझ्या मते नव्या कलेक्टरने त्या बघाव्यात.

सगळ्यांना दुनळी परवडणार नाही, मलाही नाही. पण जुन्या रायफलींचा आनंद फक्त तिथेच आहे असं अजिबात नाही. १८९९ ची सॅव्हेज हातात घेऊन बघा, आर्थर सॅव्हेजने लिव्हर अॅक्शनमध्ये फिरतं मॅगझिन बसवलं ज्यामुळे टोकदार गोळी वापरता आली, कारण नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या टिकलीवर (दारू पेटवणाऱ्या भागावर) टेकतं आणि झटक्याने ते उडू शकतं, आणि जुन्या मॉडेल ९९ मध्ये बाजूच्या छोट्या खिडकीत किती काडतुसं उरली तो आकडा दिसतो. घेताना दस्ता जिथे रिसीव्हरला भिडतो तिथे तडा आहे का तेवढं आवर्जून बघा. ऑस्ट्रियाच्या श्टायर कारखान्याची १९०३ ची मॅनलिकर-शोनावर, तोंडापर्यंत लाकूड असलेली छोटी कार्बाइन, ६.५ बाय ५४, तिचं फिरतं मॅगझिन आणि बोल्ट इतका गुळगुळीत चालतो की शंभर वर्षांपूर्वी हे हाताने फाइल मारून बसवलंय यावर विश्वास बसत नाही. ओबेर्नडॉर्फच्या माऊझर कारखान्याने स्वतःच बनवलेल्या स्पोर्टिंग रायफली, टाइप ए, टाइप बी वगैरे, दुसऱ्या महायुद्धानंतर तो कारखानाच मोडून काढला त्यामुळे त्या आता वाढणार नाहीत. लष्करी ९८ माऊझर कापून बनवलेली शिकारी रायफल मात्र वेगळी, दोन्ही माऊझरच पण किंमतीत खूप फरक, आणि विकणारा तो फरक स्वतःहून सांगेलच असं नाही.

विंचेस्टर मॉडेल ७० बद्दल लोक प्री-सिक्स्टीफोर प्री-सिक्स्टीफोर करतात त्याला पण ठोस कारण आहे. १९३६ ते १९६३ पर्यंतच्या मॉडेलमध्ये माऊझरसारखा लांब क्लॉ एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) होता जो काडतूस मॅगझिनमधून निघताक्षणी धरायचा, चेकरिंग हाताने कापलेलं. १९६४ मध्ये खर्च वाचवायला तो एक्स्ट्रॅक्टर गेला, चेकरिंग साच्यात दाबून काढायला लागले, आणि लोकांनी ते लगेच ओळखलं. पण जुन्या मॉडेलचा आकडा साधारण पाच लाख ऐंशी हजार आहे, म्हणजे .३०-०६ किंवा .२७० मधली साधी वापरलेली मॉडेल ७० ही दुर्मिळ नाही, चांगली आहे. दुर्मिळ आहेत त्या थोड्याच बनलेल्या कॅलिबरच्या, जसं .३०० सॅव्हेज किंवा .३५ रेमिंग्टन, आणि तिथेच बॅरल बदलून खोट्या केलेल्या जास्त सापडतात.

उलट काही रायफली दुर्मिळ म्हणूनच विकल्या जातात आणि नसतात. १९६० आणि ७० च्या दशकात विंचेस्टरने मॉडेल ९४ च्या स्मृती आवृत्त्या काढल्या, सोन्याचा मुलामा, पदक, सुंदर बॉक्स, आणि लोकांनी त्या न झाडता ठेवून दिल्या या आशेने की पुढे किंमत येईल. पण त्यांतल्या काही लाखाच्या आसपास बनल्या होत्या आणि सगळ्यांनीच जपून ठेवल्या, मग कमी पडणार कुठून. विकत घेतली, उघडली नाही, चाळीस वर्षांनी विकायला काढली आणि महागाई धरली तर घाटाच, असे लोक मला माहीत आहेत आणि त्यांचं वाईट वाटतं, कारण त्यांनी प्रामाणिकपणे जपली होती.

किंमत काढायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं तर विकायला लावलेल्या रायफलींवरचे आकडे बघायचे नाहीत, ते मागणाऱ्याच्या मनातले आकडे असतात. विकल्या गेलेल्यांचे बघायचे, तेही तोच मेकर, तेच कॅलिबर, तीच अॅक्शन, तेवढंच मूळ फिनिश. बोअरमध्ये (नळीच्या आत) आरसा लावून बघायचं, जुन्या काडतुसांच्या टिकल्यांमध्ये गंज आणणारं रसायन असायचं आणि झाडल्यावर त्याच दिवशी साफ न केलेल्या बॅरल आतून खड्ड्यांनी भरलेल्या असतात, वरून रायफल कितीही छान असली तरी. विम्यासाठीची किंमत वेगळी, विकताना हातात येणारी वेगळी, दोन्ही एका कागदावर लिहून घ्यायच्या. आणि आधी आपल्या देशातला परवान्याचा कायदा बघायचा, कारण किंमतीवर त्याचाही परिणाम होतो, अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक कायद्याने अँटिक धरली जाते म्हणून त्याच मॉडेलची १८९८ ची आणि १८९९ ची यांच्या व्यवहारात फरक पडतो. परवाना नसलेली, नंबर खोडलेली रायफल कितीही जुनी आणि सुंदर असो, तिच्याजवळ जायचं नाही.

संपादक साहेब, माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा मूळ फिनिश किती होतं, वेगवेगळ्या भागांवरचे नंबर सगळे जुळत होते का आणि मेकरची नोंद सोबत होती का या तीन गोष्टी लिलाव कंपनीच्या कॅटलॉगमधून घ्या, त्यात त्या दिलेल्या असतात, दोन ओळी लागतील फक्त. आणि छापलेल्या आकड्यात घेणाऱ्याने वर भरलेलं कमिशन धरलंय की नाही ते पण लिहा, कारण ते वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जातं आणि विकणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही, उलट त्याच्याकडून वेगळं कापलं जातं. वाचणाऱ्याने त्या आकड्यावर आपल्या रायफलीचा हिशोब मांडलेला असतो.

आपला,
एक नियमित वाचक